गोरेगावचं नेस्को की बीकेसीचं जिओ सेंटर?

मुंबईत मोठं एक्झिबिशन म्हटलं की दोनच नावं आधी येतात, आणि माझं मत सरळ नेस्कोच्या बाजूने आहे.

बीकेसीचं (वांद्रे-कुर्ला संकुल) जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर 2022 मध्ये सुरू झालं, भारी आहे यात वादच नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन तिथेच झालं आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचं त्याच अधिवेशनात ठरलं! अशा परिषदांसाठी, जिथे परदेशी पाहुणे, मोठा स्टेज, जवळ हॉटेल्स लागतात, तिथे बीकेसीच बरं. आता मेट्रो 3 पण आहे.

पण मशिनरी, पॅकेजिंग, फर्निचर असलं काही बघायचं असेल, नाशिक-कोल्हापूरहून छोटा कारखानदार येणार असेल, तर गोरेगाव पूर्वचं नेस्को म्हणजे बॉम्बे एक्झिबिशन सेंटरच बरं, कारण हायवेला लागूनच आहे, राम मंदिर स्टेशनवरून चालत जाता येतं आणि मूळची इंजिनिअरिंग कंपनीची जागा असल्याने तिथलं वातावरणच धंद्याचं आहे, कोणी बुजत नाही. आणि कोविडमध्ये याच हॉलमध्ये रुग्णांसाठी जम्बो सेंटर उभं राहिलं होतं, हे मुंबईकराने विसरू नये, शहराला एवढी मोठी छपराखालची जागा का लागते ते तेव्हा कळलं.

ज्वेलरीवाल्यांचं आयआयजेएस हे मोठं प्रदर्शन तर 2023 पासून दोन्हीकडे एकाच वेळी भरतंय, एक जागा पुरतच नाही. तिथे जाणार असाल तर आपला स्टॉल कुठल्या सेंटरला आहे ते आधी बघा, गोरेगाव-बीकेसी ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जातो.