स्कार्फ बांधून स्कूटरवर जाणाऱ्यांनी काय घ्यावे: फाउंडेशन, की कन्सीलर आणि काँपॅक्ट?

माझ्या भाचीला गेल्या महिन्यात नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि पहिला पगार होताच तिने मला विचारले, "मावशी, मेकअपसाठी बाराशे रुपये बाजूला काढले आहेत, फाउंडेशन घेऊ, की नुसत्या काँपॅक्टवर भागेल?" हा प्रश्न मलाही पडला होता आणि त्याचे उत्तर शोधण्यात माझे बरेच पैसे आणि बऱ्याच सकाळी खर्च झाल्या आहेत. नोकरीची पहिली तीन वर्षे मी रोज लिक्विड फाउंडेशन लावत असे; पुढची चार वर्षे मी कन्सीलर (फक्त डागांवर लावायचे दाट क्रीम) आणि काँपॅक्ट (डबीतली दाबलेली पावडर) यांवर राहिले आहे. दोन्हींची चव घेतलेली असल्यामुळे, आणि माझा कल कोणीकडे आहे हे लपवण्याची इच्छा नसल्यामुळे, तिला जे सांगितले तेच थोडे विस्ताराने येथे मांडते. त्वचा प्रत्येकीची वेगळी असते, तेव्हा माझा अनुभव हा केवळ एका चेहऱ्याचा अनुभव आहे, हे आधीच मान्य करते.

फाउंडेशनची बाजू आधी मांडणे योग्य होईल, कारण ते मी रागाने सोडलेले नाही. चांगले जुळलेले फाउंडेशन संपूर्ण चेहऱ्याला एकसारखा रंग देते, आणि हे काम दुसरे कोणतेही प्रसाधन तितक्या नीटपणे करत नाही. ज्यांच्या गालांवर वांग पसरलेले आहेत, किंवा नाकाच्या दोन्ही बाजूंचा आणि कपाळाचा रंग स्पष्टपणे वेगळा आहे, त्यांना कन्सीलरचे ठिपके लावत बसण्यापेक्षा फाउंडेशनचा एक पातळ हात अधिक सोपा आणि अधिक नैसर्गिक वाटेल. गंगापूर रोडवरच्या एका लॉनमध्ये मावसबहिणीचे लग्न होते, तेव्हा दुपारी चारला लावलेले फाउंडेशन रात्री अकराच्या छायाचित्रांतही जागच्या जागी होते. त्या दिवशी काँपॅक्टने मला असा निकाल दिला नसता.

खरी अडचण शेडपासून सुरू होते. आईच्या वेळी पर्याय मोजके होते. १९५२ मध्ये टाटांनी सुरू केलेल्या लॅक्मेची एखादी डबी आणि टाल्कम पावडर एवढ्यावर घरातल्या सगळ्या बायकांचे भागत असे. आता मेबेलीन, शुगर, फेसेस कॅनडा, स्विस ब्युटी अशी रांग आहे आणि प्रत्येकाची नावे निराळी आहेत. एका कंपनीचे 'बेज' दुसऱ्या कंपनीच्या 'हनी'च्या जवळ जाते, आणि 'नॅचरल' या शब्दावरून तर काहीच कळत नाही. मी माझी पहिली बाटली मेन रोडवरच्या एका दुकानात घेतली. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली विक्रेत्याने माझ्या मनगटाच्या मागे एक रेघ ओढली आणि म्हणाला, "ताई, एक शेड लाइट घ्या, चेहरा उठून दिसेल." स्कूटर चालवून माझे हात चेहऱ्यापेक्षा दोन छटा तरी काळवंडलेले होते, त्यामुळे ती रेघ मुळात चुकीच्या जागी होती, आणि उजळ शेडचा परिणाम असा झाला की सीबीएसच्या सिग्नलला आरशात पाहिले तेव्हा चेहरा उजळ नव्हे, तर राखाडी दिसत होता. आपल्याकडच्या बहुतेक गव्हाळ त्वचांमध्ये पिवळसर किंवा ऑलिव्हकडे झुकणारी झाक असते. तिच्यावर गुलाबी झाकेचा उजळ रंग चढवला की तो असाच भुरकट होतो.

त्यानंतर मी एक पद्धत पाळली, ती मात्र कोणतेही प्रसाधन घेताना उपयोगी पडावी. नमुना जबड्याच्या हाडावर, गाल आणि मान जेथे मिळतात तेथे लावून घ्यावा, दुकानाबाहेर पडावे, रविवार कारंजापर्यंत चालत जाऊन एक चहा घ्यावा आणि अर्ध्या तासाने उन्हात पुन्हा पाहावे. हा अर्धा तास महत्त्वाचा आहे. फाउंडेशनमधला रंग मुख्यतः पिवळ्या, तांबड्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइडचा आणि पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. तो पसरवणारा पातळ द्रव उडून गेला आणि त्वचेचे तेल त्यात मिसळले की अनेक फाउंडेशने लावतानापेक्षा गडद दिसू लागतात. सकाळी आठला जुळलेली शेड दुपारी जेवणाच्या सुट्टीत परकी वाटते, याचे हेच कारण असावे. काँपॅक्टही थोडा गडद होतो, परंतु त्याचा थर विरळ असल्याने अर्ध्या शेडची चूक तो पोटात घालतो. फाउंडेशन ती चूक मानेच्या रेषेवर आणून मांडते.

एवढे असूनही मी फाउंडेशन सोडले नसते. ते सोडायला लावले माझ्या स्कार्फने.

मी पंचवटीत राहते आणि माझे कार्यालय सातपूरला आहे. रविवार कारंजा, अशोक स्तंभ, सीबीएस, त्र्यंबक नाका आणि मग त्र्यंबक रोड असा रोजचा रस्ता, सनकोट, स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट, असा नाशिकच्या हजारो मुलींचा आणि बायकांचा असतो तोच माझा पोशाख. सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी रस्ते खणलेले असताना स्कार्फ न बांधता जाण्याचा विचारही करवत नाही. आता स्कार्फ म्हणजे काय, तर नाकावरून आणि दोन्ही गालांवरून घट्ट ओढून मागे गाठ मारलेले सुती कापड. अर्धा तास ते कापड चेहऱ्याला घासत असते, आतमध्ये श्वासाची वाफ साचत असते, आणि हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा प्रत्येक खड्ड्याला थोडा थोडा सरकत असतो. कार्यालयात पोहोचून स्कार्फ सोडला की माझ्या कपाळावर फाउंडेशन शाबूत असे, नाकाच्या शेंड्यावर अजिबात नसे, गालांवर कापडाच्या विणीचा ठसा असे आणि हनुवटीवर पट्ट्याच्या रुंदीची एक स्वच्छ पट्टी असे. राहिलेले फाउंडेशन स्कार्फवर असे. माझ्याकडे तेव्हा पांढरे, फिकट गुलाबी आणि आकाशी असे तीन स्कार्फ होते. तिन्हींवर नाकाच्या जागी तांबूस-तपकिरी डाग बसले. साध्या साबणाने ते निघत नसत, कारण टिकाऊ फाउंडेशनमध्ये सिलिकोन आणि तेल असते. भांड्यांचा लिक्विड साबण कोरड्या डागावर चोळून दहा मिनिटे ठेवला तरच ते फिके होत, आणि आठवड्यातून तीनदा हे करावे लागे.

यावर उपाय मी केले नाहीत असे नाही. फाउंडेशनच्या आधी लावायचा प्रायमर लावून पाहिला, वरून मारायचा सेटिंग स्प्रे मारून पाहिला, लावल्यावर टिश्यू पेपर दाबून जादाचे टिपून पाहिले. कापडाला न लागण्याची हमी देणारे एक महाग फाउंडेशनही घेतले, आणि ते पहिल्यापेक्षा खरोखरच कमी लागत असे. पण जेथून ते निघे तेथून पापुद्र्यासारखे निघे आणि मग त्या जागी पुन्हा काही लावले की वळ्या पडत. पुसलेले फाउंडेशन कार्यालयाच्या स्वच्छतागृहात उभे राहून दुरुस्त करता येत नाही, हा माझ्या दृष्टीने निर्णायक मुद्दा ठरला. ते सगळे धुऊन पुन्हा पहिल्यापासून लावावे लागते, आणि सकाळी साडेनऊला तेवढा वेळ कोणाकडे असतो?

कन्सीलर आणि काँपॅक्ट यांची वाट येथे सोपी होते. घरून निघताना मी फक्त सनस्क्रीन आणि काजळ लावते. कार्यालयात पोहोचून स्कार्फ सोडल्यावर, घाम टिपून, डोळ्यांखाली आणि दोन-चार डागांवर कन्सीलर बोटाने थापते आणि वरून काँपॅक्टचा पफ दाबते. चार मिनिटांत काम होते. संध्याकाळी परतताना स्कार्फला काही लागलेच, तर ती पावडर असते आणि ती एका धुण्यात निघून जाते. कोणी म्हणेल की फाउंडेशनही कार्यालयात जाऊन लावता येईल. मी तेही महिनाभर केले. पण काचेची बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवायची, ओला स्पंज पिशवीत सांभाळायचा आणि सहकारी मैत्रिणी वाट पाहत असताना जबड्याची कडा मिसळत राहायची, हे मला तरी जमले नाही.

सनस्क्रीनचा उल्लेख आला आहे म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. फाउंडेशनच्या बाटलीवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, लिहिलेला असतो, त्यावर विसंबून वेगळे सनस्क्रीन टाळू नये. एसपीएफची चाचणी त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन होते. तेवढे फाउंडेशन चेहऱ्यावर कोणी लावत नाही. सनस्क्रीन वेगळे लावायचेच आहे असे ठरले की त्यावर स्पंजने फाउंडेशन फिरवताना खालचा थर हलतो. कन्सीलर मात्र चार ठिकाणी हलक्या हाताने थापला जातो आणि बाकी सनस्क्रीन तसेच राहते.

आता पैशांकडे येऊ. माझ्या खरेदीचे आकडे ढोबळ आहेत आणि सवलतींप्रमाणे ते बदलतील. मी वापरत असलेल्या मध्यम किमतीच्या फाउंडेशनची ३० मिलिलिटरची बाटली ६०० रुपयांच्या आसपास पडे आणि रोजच्या वापरात चार महिने जाई, म्हणजे महिन्याला १५० रुपये. कन्सीलर साधारण ३५० रुपयांचा, तो सहा महिने पुरतो. काँपॅक्ट २५० रुपयांचा, तो पाच महिने जातो. दोन्ही मिळून महिन्याला ११० रुपयांच्या आत. हा फरक लहानच आहे आणि केवळ त्यावरून निवड करू नये. मोठा फरक सोबतच्या लवाजम्यात आहे. फाउंडेशन आले की प्रायमर येतो, स्पंज येतो आणि तो दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, ते बसवायला पावडर लागतेच, आणि रात्री काढायला क्लिन्झिंग तेल किंवा मायसेलर वॉटर लागते. भाचीचे बाराशे रुपये या मार्गाने पहिल्याच दिवशी संपले असते. दुसऱ्या मार्गाने सहाशे रुपये उरतात. त्यात एक चांगले सनस्क्रीन बसते आणि तिच्या आवडीच्या विटकरी रंगाची लिपस्टिकही बहुधा बसते.

माझ्या पसंतीच्या जोडीतही उणिवा आहेत. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की येथली हवा इतकी कोरडी होते की काँपॅक्ट ओठांच्या कडेला आणि नाकपुड्यांजवळ पांढरट कोंड्यासारखा दिसतो. तेव्हा मॉइश्चरायझर लावून किमान दहा मिनिटे थांबावे लागते आणि काँपॅक्ट केवळ नाक-कपाळापुरता ठेवावा लागतो. मे महिन्यात घामावर पुन्हा पुन्हा पफ दाबला तर थर साचतो, म्हणून आधी टिपणे आणि मग दाबणे हा क्रम मोडता येत नाही. तसेच कन्सीलरची शेड चुकली, तर डोळ्यांखाली दोन उजळ अर्धचंद्र उमटतात आणि ते फाउंडेशनच्या चुकीपेक्षा अधिक खटकतात. डोळ्यांखालची वर्तुळे निळसर-तपकिरी असतील तर किंचित नारिंगी झाकेचा कन्सीलर घ्यावा, म्हणजे तो त्यांना झाकताना राखाडी होत नाही.

बीबी आणि सीसी क्रीम, म्हणजे फाउंडेशनपेक्षा हलकी रंगीत क्रीम, यांविषयी थोडक्यात सांगते. ज्यांना दोन्हींच्या मधले काही हवे आहे त्यांना ती आवडू शकतात, परंतु त्यांत शेड फारच कमी असतात आणि स्कार्फला ती फाउंडेशनइतकीच लागतात.

शैलीचा प्रश्न शेवटी आपापला आहे. मी सुती साड्या आणि कुर्ते नेसते-घालते, काजळ ठळक ठेवते, टिकली लावते; या साजाखाली माझी त्वचा त्वचेसारखीच दिसलेली मला आवडते, आणि कपाळावरचा एखादा डाग दिसला तर त्याचे मला काही वाटत नाही. ज्यांना डोळ्यांचा ठसठशीत मेकअप, आखीव भुवया आणि गडद ओठ आवडतात, त्यांना खाली फाउंडेशनचा एकसारखा पाया असल्याशिवाय चेहरा पूर्ण झाल्यासारखा वाटणार नाही, आणि त्यांचे ते म्हणणे मला पटते.

लग्नसराईसाठी मीही फाउंडेशन ठेवते, पण लहान ट्यूब घेते. वेष्टनावर उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात १२ एम असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने असा आहे. तुळशीच्या लग्नापासून मे अखेरपर्यंत पाच-सहा समारंभ होतात, तेवढ्यासाठी मोठी बाटली घेतली की निम्मी फेकावी लागते. उघडल्याची तारीख मी चिकटपट्टीवर लिहून ट्यूबला लावते. रस्त्यावरच्या स्टॉलवर अगदी स्वस्तात मिळणारी नामांकित कंपनीची बाटली दिसली, तर बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत हे तिन्ही नीट छापलेले आहेत का ते पाहावे, आणि नसल्यास ती तेथेच ठेवावी.

ज्यांचा प्रवास सिटीलिंकच्या बसने किंवा चारचाकीने होतो, त्यांच्यासाठी माझी मुख्य तक्रार उरतच नाही आणि त्यांनी फाउंडेशनचा विचार अवश्य करावा. भाची मात्र सिडकोहून अंबडला स्कूटरनेच जाते. शनिवारी आम्ही दोघी मेन रोडला जाऊन तिच्यासाठी कन्सीलर पाहणार आहोत, आणि रविवार कारंजापर्यंत चालून चहा घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असे ठरले आहे.