अ‍ॅडमिनिस्टर की डिस्पेन्स?
दोन्ही क्रियापदांना आपण सरसकट ‘देणे’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. फार्मासिस्ट चिठ्ठी वाचून गोळ्या मोजतो, पाकिटात भरून हातात ठेवतो, ते डिस्पेन्स. नर्स पलंगाशी उभी राहून तीच गोळी रुग्णाला गिळायला लावते किंवा इंजेक्शन टोचते, ते अ‍ॅडमिनिस्टर. औषध प्रत्यक्ष रुग्णाच्या शरीरात गेल्याशिवाय किंवा शरीरावर लागल्याशिवाय हे क्रियापद लागू होत नाही. रुग्णाच्या नोंदीत हा फरक चुकणं मला खरंच धोक्याचं वाटतं.

अ‍ॅडमिनिस्टरचा पसारा मोठा: ट्रस्टचा कारभार पाहणे, शपथ देणे, परीक्षा घेणे (हो, इथे मराठीत ‘घेणे’!). ‘न्याय देणे’ या अर्थाने दोन्ही क्रियापदं चालतात. ‘डिस्पेन्स विथ’ दिसलं तर मात्र थांबा. तिथे अर्थ वाटण्याचा नाही, वगळण्याचा.