रेसिंगच्या फोटोंसाठी पुढची झूम लेन्स: ७०-२००, १००-४०० की थेट ६००?

७०-३०० किंवा कॅमेऱ्याच्या किटबरोबर आलेली ५५-२५० (हे आकडे मिमीमधल्या फोकल लेंथचे; आकडा जितका मोठा तितकी गाडी जवळ दिसते) घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्याला लवकरच वाटायला लागतं की लेन्स पुरत नाही. गाडी फ्रेममध्ये लहान दिसते, शेजारी कुणीतरी पांढरी तोफ लावून बसलेला असतो, आणि मन थेट ६०० मिमीवर जातं. लेन्स कमी पडतही असेल. पण लेन्सवरचा मोठा आकडा बघून निर्णय घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. आधी छोटा आकडा बघा आणि तुम्हाला उभं कुठे राहायला मिळतं ते बघा. ६०० ने जवळची गाडी घेता येत नाही, आणि रेसच्या दिवशी निम्मे चांगले फोटो जवळच असतात.

इथे तीन गटांची तुलना करतो: ७०-२०० एफ/२.८ (एफ-आकडा जितका छोटा तितकं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठं आणि उजेड जास्त), १००-४०० (कॅननची आरएफ १००-५०० याच घरातली), आणि ६०० पर्यंत जाणाऱ्या, म्हणजे सोनी २००-६००, निकॉन झेड १८०-६००, सिग्मा आणि टॅमरॉन १५०-६००. निकॉनची जुनी २००-५०० एफ/५.६ याच तिसऱ्या गटात धरा.

अंतराचा हिशेब

फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. गाडीपर्यंतचं अंतर गुणिले ३६, भागिले फोकल लेंथ, की त्या अंतरावर फ्रेममध्ये किती मीटर रुंदी मावते ते कळतं. ६० मीटरवर २०० मिमीला १०.८ मीटर, ४०० ला ५.४ मीटर, ६०० ला ३.६ मीटर. साडेचार मीटरची टूरिंग कार बाजूने घेत असाल तर ४०० ला ती पुढेमागे थोडी जागा सोडून छान बसते, आणि ६०० ला मावतच नाही. त्याच जागेवरून मोटरसायकल घ्या, लांबी साधारण दोन मीटर. आता ४०० ला ती फ्रेमच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त भरते आणि ६०० ला निम्म्याहून जास्त. म्हणजे एकाच वळणावर उभ्या असलेल्या दोघांना वेगळी लेन्स लागते, कारण एकाला गाड्या हव्यात आणि दुसऱ्याला बाइक.

अंतर दुप्पट, १२० मीटर झालं की सगळे आकडे दुप्पट होतात. तिथे कारसाठीही ६०० योग्य ठरते. आधुनिक सर्किटवर रन-ऑफ (ट्रॅकबाहेरची मोकळी जागा) मोठे असतात, त्यामागे टायरची भिंत, मग कुंपण, मग प्रेक्षक. तिकीट काढून आलेल्या माणसाला १०० मीटर सहज पडतात. उलट मोनॅकोसारख्या रस्त्यावरच्या सर्किटवर बॅरिअर ट्रॅकला खेटून असतात, आणि आइल ऑफ मॅन टीटी या रस्त्यावरच्या बाइक शर्यतीच्या ६० किलोमीटरच्या फेरीत लोक बाइकपासून काही हातांवर बसलेले असतात. तिथे ७०-२०० सुद्धा कधी कधी जास्त होते.

कॅमेऱ्याची बॉडी एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरची (क्रॉप बॉडी) असेल तर फोकल लेंथला १.५ ने गुणा, कॅननची असेल तर १.६ ने. १००-४०० ही कॅननच्या क्रॉप बॉडीवर १६०-६४० सारखी दिसते. म्हणून क्रॉप बॉडीवाल्यांनी ६०० चा विचार दोनदा करावा: सोनीची २००-६०० तिथे ३०० पासून सुरू होते, आणि ३०० ला पिट लेन (गाड्या टायर-दुरुस्तीला थांबतात ती गल्ली), ग्रिड (शर्यत सुरू होतानाची रांग), समोरून वळणारा घोळका हे सगळं हातचं जातं.

कापण्याचाही हिशेब मांडा. ४०० ला काढलेला फोटो ६०० इतका कापला तर ४४ टक्के पिक्सेल उरतात. ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीवर ते २० होतात, कुठल्याही छपाईला पुरेसे. २४ च्या बॉडीवर जेमतेम साडेदहा. तुमची बॉडी पहिल्या प्रकारची असेल तर ६०० ची गरज बरीच कमी होते.

एफ/२.८ चा मोह

भर उन्हात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला, १/१०० सेकंदाच्या शटरला एफ/१६ च्या आसपास योग्य एक्स्पोजर मिळतं. आता पॅनिंगचा, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढण्याचा, शटर बघा. ताशी २०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते. १/१००० मध्ये ती साडेपाच सेंटिमीटर सरकते, चाक जेमतेम दहा अंश फिरतं, आणि फोटोत गाडी पार्क केल्यासारखी दिसते. १/१२५ ला ती ४४ सेंटिमीटर जाते, चाक एक पंचमांशाहून जास्त फिरतं, आरे विरघळतात. वेग दिसतो तो इथे. पण १/१२५ किंवा १/६० वर उतरलात की ऊन तुम्हाला एफ/१४, एफ/२० पर्यंत ढकलतं. दिवसाच्या पॅनिंगमध्ये एफ/२.८ चा काही म्हणजे काही उपयोग नाही.

त्याचा उपयोग संध्याकाळी आहे, पिट गॅरेजमध्ये आहे, पावसाळी करड्या उजेडात आहे, ल मान्ससारख्या २४ तासांच्या शर्यतीत रात्री आहे. हे तुमच्या वाट्याला खरंच येत असेल तर ७०-२०० ला पर्याय नाही. येत नसेल तर त्या काचेचं वजन आणि पैसे वाया जातात.

“पण पार्श्वभूमी विरघळते ना?” हा प्रश्न हमखास येतो. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागा, की लेन्सच्या भोकाचा व्यास मिळतो. २०० ला २.८ ने भागलं की ७१ मिमी, ४०० ला ५.६ ने भागलं तरी ७१ मिमी. गाडी फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवली तर लांबची झाडं आणि स्टँड दोन्ही लेन्सना जवळपास सारखेच मऊ होतात. आरएफ १००-५०० चा ५०० ला एफ/७.१ ऐकून लोक नाक मुरडतात, पण तिथेही उत्तर ७० मिमी येतं. ६०० एफ/६.३ ला ९५ मिमी, म्हणजे या बाबतीत ती सगळ्यांच्या पुढे.

कुंपणाच्या जाळीतून फोटो काढणाऱ्यांना हाच आकडा महत्त्वाचा आहे. समोरची काच जाळीला जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, ऊन न पडलेला जाळीचा भाग निवडायचा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं. तार दिसेनाशी होते. मात्र त्याच जागी १/१०० ला पॅनिंग करायला ॲपर्चर एफ/१६ ला नेलंत की ४०० चं ७१ मिमीचं भोक २५ मिमीवर येतं आणि फोटोवर जाळीचे धुरकट पट्टे उमटतात. उपाय एकच: एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) किंवा पोलरायझर लावून ॲपर्चर उघडं ठेवणं. पोलरायझर विंडस्क्रीनवरची चमकही काढतो. म्हणून मी फिल्टरचा आकार बघितल्याशिवाय लेन्स निवडत नाही. सध्याच्या बहुतेक ७०-२०० एफ/२.८ आणि सोनी, निकॉन, कॅनन यांच्या १००-४०० घरातल्या वरच्या दर्जाच्या लेन्स ७७ मिमी घेतात, एकच फिल्टर दोन्हीवर चालतो. ६०० वाल्या ९५ मिमी मागतात आणि सिग्माची डीएसएलआरसाठीची (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांची) १५०-६०० स्पोर्ट्स तर १०५ मिमी.

गाडी समोरून येते तेव्हा

लेन्सची खरी परीक्षा इथे होते. बॉडी सेकंदाला दहा फ्रेम घेत असेल तर दोन फ्रेममध्ये ताशी २०० ची ती गाडी साडेपाच मीटर जवळ येते. ६० मीटरवर ६०० मिमी, एफ/६.३ ला फोकसमध्ये राहणारा पट्टा चारेक मीटरचा असतो. ४०० एफ/५.६ ला साडेसात मीटर, २०० एफ/२.८ ला पंधरा. ६०० ला प्रत्येक फ्रेममध्ये मोटरला फोकस नव्याने गाठावा लागतो. ४०० थोडी चूक पोटात घालते. लांब लेन्सवर हेडलाइट धूसर आणि मागचा पंख तीक्ष्ण असे फोटो जास्त येतात ते यामुळे. फोकसचा वेग हा ६०० घेताना पहिला निकष ठेवा. सोनीची आणि निकॉन झेडची लेन्स त्यांच्या नव्या बॉडींवर यात चांगल्या आहेत. सिग्मा-टॅमरॉनच्या डीएसएलआर लेन्स डॉक (लेन्स संगणकाला जोडायचं उपकरण) लावून फोकसचा स्वभाव थोडा बदलता येतो, ती सोय जरूर वापरा. सोनीच्या वेगवान बॉडींवर इतर कंपन्यांच्या लेन्स लावल्या की सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा येते आणि टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीमध्ये बसवायची, फोकल लेंथ वाढवणारी काच) लावता येत नाही, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

हातातली वागणूक

वजनं अशी: सोनी १००-४०० सुमारे १.४ किलो, कॅनन ईएफ १००-४०० ची दुसरी आवृत्ती १.६ च्या आसपास, सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १.९, टॅमरॉन १५०-६०० जी२ २.०, सोनी २००-६०० २.१, निकॉन २००-५०० २.३, सिग्मा स्पोर्ट्स जवळपास २.९. दीड किलो दिवसभर हातात घेऊन पॅनिंग करता येतं. दोनच्या पुढे मोनोपॉड (एकपायी स्टँड) लागतोच. मोनोपॉडवर आडवं पॅनिंग उलट स्वच्छ येतं, पण चढावर तिरकी येणारी गाडी घेताना तो अडवतो.

झूम करताना काय होतं तेही बघा. १००-४०० गटातल्या सगळ्या आणि टॅमरॉन-सिग्माच्या १५०-६०० झूम केल्यावर नळकांड्यासारख्या लांब होतात, तोल पुढे जातो, आणि रॅलीच्या धुळीत ती लांबलेली नळी माती आत ओढायची शक्यता वाढते. सोनी २००-६०० आणि निकॉन १८०-६०० बाहेरून तेवढ्याच राहतात. निकॉनची रिंग तर ७० अंशांत पूर्ण फिरते, डाव्या हाताची पकड न बदलता. गाडी अंगावर येत असताना झूम मागे घेणाऱ्याला हे सोन्यासारखं वाटेल. कॅननची १९९८ ची पहिली १००-४०० पुढेमागे सरकवायची होती. ती या एका कामात आजही मला आवडते, पण तिचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर शोषणारी सोय) दोनच स्टॉपचं आहे; एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट सावकाश ठेवायची मुभा. २०१४ च्या आवृत्तीचं चार.

स्टॅबिलायझेशनला पॅनिंगचा वेगळा मोड हवाच. साध्या मोडमध्ये लेन्स तुमची आडवी हालचाल थरथर समजून रोखायला बघते. कॅनन, सोनी, सिग्मावर तो मोड २, टॅमरॉन जी२ वरही २. निकॉनवर स्पोर्ट मोड लावा.

टेलिकन्व्हर्टर आणि गरम हवा

७०-२०० वर २एक्स लावून १४०-४०० एफ/५.६ बनते, मग दोन्ही कामं एकाच लेन्सने होतील असं कागदावर दिसतं. मी सुचवणार नाही. फोकस मंदावतो आणि कॉन्ट्रास्ट उतरतो, नेमका समोरून येणाऱ्या गाडीवर. १.४एक्स मात्र त्या लेन्सवर छान चालतो: २८० एफ/४. १००-४०० वर १.४एक्स लावला की ५६० एफ/८. मिररलेसवर ठीक, जुन्या डीएसएलआरवर फोकस बंद पडतो किंवा मधल्या बिंदूवर उरतो. आरएफ १००-५०० वर कन्व्हर्टर ३०० च्या पुढेच बसतो, म्हणजे लेन्स ४२०-७०० होते आणि जवळचं सगळं जातं. ती घ्यायची तर ५०० साठीच घ्या.

दुपारी तापलेल्या डांबरावरून उठणारी हवा दीडशे मीटरवरची गाडी अशी हलवते की कितीही महागाची काच आणली तरी फोटो मऊच येतो. तुमचे लांबचे फोटो फक्त दुपारचे बिघडत असतील आणि सकाळचे बरे असतील, तर ६०० घेऊन तोच बिघाड मोठा दिसेल.

मग कोणी काय घ्यावं

७०-३०० वरून वर जाणाऱ्या बहुतेकांना मी १००-४०० सांगेन, क्रॉप बॉडी असेल तर डोळे मिटून. फुल फ्रेमवर, प्रेक्षकांच्या कुंपणामागून मोठ्या सर्किटवर मुख्यतः बाइक घेत असाल तर १८०-६०० किंवा २००-६०० घ्या आणि ७०-३०० विकू नका. जवळच्या कामाला ती लागेल. ७०-२०० एफ/२.८ पहिली घ्यावी ती ट्रॅकच्या आत जायचा पास असलेल्याने किंवा रात्री काम करणाऱ्याने.

मनात अजून शंका असेल तर गेल्या दोन-तीन शर्यतींचे ठेवलेले फोटो उघडा आणि कुठली फोकल लेंथ किती वेळा वापरली ते बघा. नुसते ३०० ला अडकलेले फोटो मोजू नका, त्यातले किती नंतर अजून कापले तेही बघा. मग निवडलेली लेन्स एका दिवसासाठी भाड्याने घ्या, सरळ रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीवर सलग वीस फ्रेम घ्या आणि १०० टक्के मोठं करून नंबर प्लेट किती फ्रेममध्ये वाचता येते ते मोजा. जुनी लेन्स विकत घेत असाल तर ती तोंड खाली करून धरा: झूम आपोआप घसरत असेल आणि टेन्शन रिंग (झूम घट्ट करायची रिंग) आवळूनही थांबत नसेल तर दुसरी बघा.