ऑक्टेव्हमध्ये बाहेरच्या सी लायब्ररीचं फंक्शन आणायचंय: मेक्स, ऑक्ट-फाइल की थेट कोअर?

ऑक्टेव्ह (मॅटलॅबसारखं, पण मुक्त गणिती सॉफ्टवेअर) रोजचं आहे, सी प्लस प्लस जेमतेम येतं आणि कुठल्यातरी सी लायब्ररीतलं एक फंक्शन ऑक्टेव्हच्या प्रॉम्प्टवरून बोलवायचंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. एमकेऑक्टफाइल (अशा फाइली कंपाइल करणारी कमांड) काय करतं वगैरे सांगत बसत नाही, ते मॅन्युअलमध्ये आहे. वाटा तीन: मेक्स, म्हणजे मॅटलॅबच्या पद्धतीने जोडलेली सी फाइल; ऑक्ट-फाइल, म्हणजे ऑक्टेव्हच्या स्वतःच्या पद्धतीची सी प्लस प्लस फाइल; आणि कोअर, म्हणजे ऑक्टेव्हच्या मूळ सोर्समध्येच भर. मी तिन्ही वाटांनी थोडंथोडं जाऊन आलोय, कुठेच तज्ज्ञ नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

माझी गरज अगदी छोटी होती. तबल्याच्या पुडीच्या कंपनांशी खेळत होतो, त्यासाठी बेसेल फंक्शनची शून्यं (जिथे त्या फंक्शनची किंमत शून्य होते त्या जागा) लागतात. ऑक्टेव्हमध्ये बेसेल फंक्शन आहे पण त्याची शून्यं काढून देणारं काही कोअरमध्ये नाही, एफझीरो हे शून्य शोधणारं फंक्शन लावून काढता येतात पण दरवेळी कुठून कुठपर्यंत शोधायचं ते आपणच सांगा, आणि एखादं शून्य मध्येच सुटलं तर कळतही नाही. जीएसएलमध्ये (ग्नू सायंटिफिक लायब्ररी, सीमधली) हे फंक्शन तयार आहे, ऑर्डर द्या, कितवं शून्य हवं ते द्या, झालं. (ज्यांना उत्सुकता आहे त्यांच्यासाठी: सगळीकडे सारख्या जाडीच्या पडद्याचे स्वर १, १.५९, २.१४, २.३० अशा प्रमाणात येतात, म्हणजे बेसूरच. ते सुरात येतात शाईमुळे, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच यावर लिहिलंय. पण तो वेगळा विषय.)

आणि हो, जीएसएलचं तयार पॅकेज ऑक्टेव्ह फोर्ज या जादा पॅकेजेसच्या संग्रहात आहे, तुमचं काम त्यात भागत असेल तर पुढचं वाचूच नका. मला नंतर स्वतःची एक सी लायब्ररी जोडायची होती, हात बसावा म्हणून हा खटाटोप.

सुरुवात मेक्सने केली, कारण एक मित्र मॅटलॅबवाला. एकच फाइल दोघांकडे चालेल, याहून चांगलं काय. आणि मेक्स ऑक्टेव्हमध्ये चालतंही, त्यात खोटं काही नाही. ऑक्टेव्हचं मॅन्युअल मात्र स्पष्ट सांगतं की मेक्समध्ये डेटाच्या जादा कॉप्या होतात, त्यामुळे वेग ऑक्ट-फाइलइतका कधीच मिळणार नाही, नवीन कोड ऑक्ट-फाइलमध्येच लिहा. मला वेगाचा फरक जाणवला नाही, माझे अ‍ॅरे शेदोनशे आकड्यांचे. हजार बाय हजारची मॅट्रिक्स लूपमध्ये पाठवणाऱ्यांना बहुधा जाणवेल.

माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मित्राने ऑर्डर्सचं एक टेबल पाठवलं, मी ते लोड करून फंक्शनला दिलं, उत्तर आलं २.४०४८. ऑर्डर शून्यचं पहिलं शून्य, बरोबर. मग ऑर्डर एक आणि दोन एकत्र दिल्या, पहिलंच उत्तर परत २.४०४८. ते ३.८३१७ यायला हवं होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. मी जीएसएलवर संशय घेतला, मग माझ्या गणितावर, मग संध्याकाळभर स्वतःवर. शेवटी लक्षात आलं की टेबल इंट३२ मध्ये, म्हणजे चार बाइटच्या पूर्णांकांत, सेव्ह केलेलं होतं. मेक्समध्ये तुम्ही डेटाचा पॉइंटर मागता तेव्हा तो जसा आहे तसा हातात येतो, मी त्याला डबल (आठ बाइटचा दशांश आकडा) समजून वाचत होतो, म्हणजे चार-चार बाइटचे दोन पूर्णांक मिळून एक डबल. एक आणि दोन हे शेजारी ठेवून डबल म्हणून वाचले की ४.२ गुणिले दहाचा उणे ३१४ वा घात असा आकडा येतो, म्हणजे शून्यच म्हणा, आणि शून्य ऑर्डरचं पहिलं शून्य २.४०४८. पुढची वाचनं तर अ‍ॅरेच्या बाहेरच्या मेमरीत जात होती ते वेगळंच. कचरा आकडा आला असता तर लगेच कळलं असतं हो, पण हा दिसायला इतका सज्जन!

आता चूक माझीच, आधी टाइप तपासायची एक ओळ लिहायला हवी होती, मेक्सवाले हेच म्हणतील आणि बरोबरच म्हणतील. पण मग ती ओळ प्रत्येक इनपुटला, आणि सिंगल, लॉजिकल, स्पार्स, सगळ्यांचा विचार आपणच करायचा. मी विसराळू माणूस आहे.

तेच फंक्शन ऑक्ट-फाइल म्हणून लिहिलं. इथे इनपुट ऑक्टेव्हच्या स्वतःच्या व्हॅल्यू म्हणून येतात, त्यांना ‘अ‍ॅरे व्हॅल्यू दे’ म्हटलं की इंट३२ असो, सिंगल असो, शून्य ते पाच अशी रेंज असो, डबलचा अ‍ॅरे हातात. स्ट्रक्ट वगैरे दिलं तर आपोआप एरर. मित्राचं तेच टेबल, पहिल्याच फटक्यात ३.८३१७. खरं सांगायचं तर माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

एरर आल्यावर काय होतं तेही मला इथे जास्त पटलं. ऑक्ट-फाइलमध्ये एरर म्हणजे सी प्लस प्लसचं एक्सेप्शन, त्यामुळे लायब्ररीकडून कामापुरती घेतलेली मेमरी स्मार्ट पॉइंटरमध्ये ठेवली असेल तर जाता जाता ती सुटते. मेक्समध्ये एररचं फंक्शन बोलावलं की तिथून परत येणं नाही, त्याआधी लायब्ररीची मेमरी सोडली नसेल तर ती राहिलीच.

एक खड्डा मात्र सगळ्या वाटांवर सारखा. जीएसएलचा डीफॉल्ट एरर हँडलर सरळ अबॉर्ट करतो. मी गंमत म्हणून उणे दोन ऑर्डर दिली आणि फंक्शनच नाही तर अख्खं ऑक्टेव्ह बंद, दुपारभर गोळा केलेले व्हेरिएबल गेले. सगळ्यात आधी तो हँडलर बंद करा आणि स्टेटस परत देणारी ‘ई’वाली फंक्शनं वापरा, मग एरर आपल्या शब्दात द्या. मॅट्रिक्स पाठवणार असाल तर आणखी एक, जीएसएल ओळीने साठवतं आणि ऑक्टेव्ह फोर्ट्रानसारखं स्तंभाने, ट्रान्स्पोज विसरलात तर चौरस मॅट्रिक्समध्ये पत्ताही लागत नाही.

ऑक्ट-फाइलचा त्रास नाहीच असं नाही. ऑक्टेव्हचं नवीन मोठं व्हर्जन आलं की परत कंपाइल करावं लागतं, आणि आतल्या क्लासेसची नावं कधीकधी बदलतात, मग कंपायलर रागावतो. पॅकेज करून ठेवलं तर इन्स्टॉल करताना कंपाइल आपोआप होतं, विंडोजच्या इन्स्टॉलरसोबत कंपायलरही येतो, म्हणून मला हे वर्षातून एकदोनदा सोसण्यासारखं वाटतं.

राहिलं कोअर. मोह होतो, कारण ऑक्टेव्हचा अर्धा जीव बाहेरच्या लायब्रऱ्यांतच आहे: लीनिअर अल्जिब्राला लापॅक, फूरियरला एफएफटीडब्ल्यू, स्पार्स मॅट्रिक्सला सूटस्पार्स, कॉन्व्हेक्स हलसाठी क्यूहल, लीनिअर प्रोग्रामिंगला जीएलपीके, डिफरन्शियल समीकरणं सोडवणाऱ्या ओडीई१५एसच्या मागे सनडायल्स. मग माझी शून्यं का नकोत? मी सोर्स आणून माझ्यापुरतं घातलं, चाललंही. पण कोअर म्हणजे बिल्डआधीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये लायब्ररी शोधायची, नसेल तर ‘हे फीचर बिल्डमध्ये नाही’ असं नीट सांगायचं, टेस्ट, टेक्सइन्फोमध्ये डॉक्युमेंटेशन, आणि लायब्ररी विंडोज-मॅकवरही बिल्ड व्हायला हवी. माझ्या लॅपटॉपवर पूर्ण बिल्ड लावून मी जेवून, भांडी घासून आलो तरी चालूच होतं. खूप लोकांना लागेल असं फंक्शन असेल तर जरूर करा, एका तबलावाल्यासाठी नको. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पानेही सायलॅब या ऑक्टेव्हसारख्याच सॉफ्टवेअरला आयपॉप्ट, सिम्फनीसारखे ऑप्टिमायझेशनचे सॉल्व्हर जोडले ते बाहेरचा टूलबॉक्स म्हणूनच.

शिवाय ऑक्ट-फाइल लिहिली म्हणून कोअरचं दार बंद होत नाही. कोअरमधली फंक्शनं जवळजवळ त्याच मॅक्रोने लिहिलेली असतात, ऑक्ट-फाइलमधल्या डेफन-डीएलडी मॅक्रोचं डेफन करायचं, बाकी कोड, टेस्ट, डॉक्युमेंटेशन बरंचसं तसंच उचलता येतं. मेक्सवरून जायचं तर पुन्हा लिहा.

टीममध्ये मॅटलॅब ठाम असेल तर अर्थात मेक्सच, तिथे माझ्या आवडीला अर्थ नाही. फक्त लायब्ररी जीपीएल या मुक्त लायसन्सची असेल, जीएसएल आहेच, तर मॅटलॅबसाठी बांधलेलं बायनरी दुसऱ्यांना वाटण्याआधी लायसन्स जाणकाराला दाखवा.

माझ्या मॅटलॅबवाल्या मित्राचं काय केलं? पहिल्या वीस ऑर्डर्सची पहिली पन्नास शून्यं ऑक्टेव्हमधून काढून सीएसव्ही पाठवली. डबलमध्ये. त्यानंतर त्याने मेक्स फाइलचं नाव काढलेलं नाही.