जुनं लाकडी क्लॅरिनेट नागपुरात घेताना: ई-११, यामाहा ४५०, नोब्ले की मेरठचं?

किंमत विचारण्याआधी विकणाऱ्याला एक विचारा: हे क्लॅरिनेट गेले तीन उन्हाळे कुठे होतं? मुंबई, गोवा किंवा कोलकात्याच्या दमट हवेत वीस वर्षं सुखाने राहिलेलं लाकूड एप्रिलमध्ये नागपुरात आलं की झपाट्याने सुकतं. आधी बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) आणि बेल (खालचं रुंद तोंड) यांच्या धातूच्या कड्या सैल होऊन खुळखुळतात, मग वरच्या जॉइंटला (नळीच्या वरच्या अर्ध्या भागाला) चीर जाते. म्हणून इथेच तीन-चार नवतपे (मे अखेरचे नऊ कडक दिवस) काढलेलं, न तडकलेलं वाद्य दिसायला थोडं उतरलेलं असलं तरी बाहेरच्या चकचकीत वाद्यापेक्षा बरं. बाहेरूनच आणायचं असेल तर जुलै ते सप्टेंबरमध्ये आणा. पुढचा उन्हाळा येईपर्यंत लाकडाला हळूहळू सुकायला सवड मिळते.

वरातीत, उन्हात उभं राहून वाजवायचं असेल तर लाकूड घेऊच नका. यामाहा २५५ किंवा बुफे या फ्रेंच कंपनीचं बी-१२ ही प्लास्टिकची (एबीएस) वाद्यं त्या कामाला चोख आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. पुढचं सगळं घरात रियाज करणाऱ्यांसाठी आणि ऑर्केस्ट्रात किंवा हॉलमध्ये वाजवणाऱ्यांसाठी.

मधल्या वर्गात जुन्या बाजारात खरी लढत दोघांत असते. यामाहा वायसीएल-४५० (आणि त्याआधीचं वायसीएल-३४) ग्रेनाडिला या काळ्या, कठीण लाकडाचं. स्वर सगळीकडे सारखे लागतात, चाव्या नेमक्या बसतात, सुटे भाग मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. आवाज स्वच्छ, काहींना जरा कोरडा वाटेल असा. बुफे ई-११ सुद्धा ग्रेनाडिलाचंच. फुंकताना किंचित जास्त जोर मागतं, पण आवाज गोल आणि गडद येतो. भावगीत किंवा नाट्यपदाच्या संथ जागा आणि ओठाने काढलेली मींड त्यावर छान बसते. ई-११ बरीच वर्षं जर्मनीत तयार होत असे. त्यामुळे फ्रेंच नावाखाली ‘मेड इन जर्मनी’ दिसलं तर नकली समजून परत फिरू नका. आमचा कौल असा: शिकणाऱ्याला यामाहा, हात बसलेल्याला ई-११. पण तडा गेलेल्या ई-११ पेक्षा धड यामाहा केव्हाही बरं, आणि उलटही तितकंच खरं.

नोब्ले आणि नॉर्मंडी ही लब्लाँ घराण्यातली फ्रेंच वाद्यं. २००४ मध्ये लब्लाँ कंपनीच विकली गेली, त्यामुळे हाती येणारं नोब्ले बहुधा जुनंच असतं. यात फायदा असा की लाकूड पूर्ण मुरलेलं असतं, आणि इथलेच उन्हाळे काढलेलं असेल तर तडकायचं ते बहुधा एव्हाना तडकलं असतं. तोटा चाव्यांचा. चावी दोन बोटांत धरून आडवी हलवून पाहा. ती दांडीवर डुगडुगत असेल तर पॅड (चावीखालची, भोक झाकणारी गादी) रोज वेगळ्या जागी बसतं आणि नवी पॅडं लावूनही हवा गळत राहते. चाव्या घट्ट असलेलं नोब्ले कमी पैशात सापडलं तर आवाजाच्या हिशेबाने या यादीतला तो सगळ्यात फायद्याचा सौदा.

जुन्या बँडांकडून कधी बूझी अँड हॉक्सचं एजवेअर किंवा एम्परर निघतं. लाकूड चांगलं असतं. पण ब्रिटिश जमान्यातल्या मालात दोन सापळे आहेत. एक, अल्बर्ट सिस्टीम, म्हणजे चाव्यांची जुनी रचना. आज शिकवतात ती बोएम पद्धत: १७ चाव्या, ६ रिंगा (बोटांच्या भोकांभोवतीच्या धातूच्या कड्या). रिंगा दोन किंवा चारच दिसल्या की बोटांची जुळणी वेगळी, पुस्तकं वेगळी, वाद्य कितीही देखणं असो. दोन, ‘एचपी’ (हाय पिच) असा ठसा. ही जुन्या लष्करी चढ्या पट्टीची वाद्यं, ए हा स्वर साधारण ४५२ हर्ट्झला. म्हणजे आजच्या ४४० पेक्षा जवळपास अर्ध्या सेमिटोनने चढी. बॅरल ओढून हे सुधारत नाही, एक स्वर जुळवला की दुसरा बिघडतो. तपासायला पेटी (हार्मोनियम) पुरे: बी-फ्लॅट पट्टीच्या क्लॅरिनेटवर स्वरलिपीत लिहिलेला सी वाजवला की पेटीच्या काळी पाचशी मिळायला हवा. पांढरी सहाशी मिळाला तर ते ए पट्टीचं क्लॅरिनेट आहे. पेटी स्वतः चढी-उतरी असू शकते म्हणून मोबाइलवरचा ट्यूनरही लावा, आणि वाद्य पाच मिनिटं फुंकून गरम झाल्यावरच. भर उन्हाळ्यात स्वर थोडा चढलेला दिसेल, तो दोष नाही. बॅरल पूर्ण आत बसवूनही उतरलेला राहिला तर मात्र दोष.

मेरठला बनणारं क्लॅरिनेट नवंसुद्धा स्वस्त असतं आणि बँडचा कुठलाही कारागीर त्याला हात लावतो. पण चाव्यांचा धातू मऊ, वाकवून सरळ केलेली चावी पुन्हा वाकते. शिवाय लाकडी म्हणून दाखवलेलं पुष्कळदा एबोनाइट (गंधक घालून कडक केलेलं रबर) असतं. बेलच्या आत अंगठा जोरात घासून वास घ्या: रबर-गंधकाचा वास आला, किंवा उन्हात राहिलेली बाजू हिरवट-तपकिरी पडलेली दिसली, की ते एबोनाइट. लाकडाच्या नळीत टॉर्च मारला की उभ्या रेषा दिसतात. प्लास्टिकची नळी आतून एकसारखी गुळगुळीत असते.

आता चीर. ती बहुतेक वेळा वरच्या जॉइंटवर, ट्रिल चाव्यांच्या (बाजूच्या लांब चाव्यांच्या) भोकांजवळ किंवा वरच्या टोकापासून खाली जाते. उजेड तिरपा पाडा आणि नख आडवं फिरवा: लाकडाच्या रेषेला नख अडत नाही, चिरेला अडतं. मग कापसाने पुसा. कापूस काळा झाला तर बुटाचं पॉलिश भरलेलं असण्याची शंका घ्या. पिना घालून नीट भरलेली, भोकापासून दूर असलेली चीर चालते, फक्त किंमत त्या मानाने पाडून घ्या. भोकाच्या कडेतून गेलेली किंवा टेननमधली (जॉइंट एकमेकांत बसवायच्या टोकातली) चीर असेल तर सोडून द्या.

गळती तपासायला बॅरल काढा, वरच्या जॉइंटची भोकं डाव्या हाताने झाका, खालचं तोंड उजव्या तळव्याने दाबा आणि वरून हवा ओढा. पोकळी तीन-चार सेकंद टिकून ओठ सोडताना ‘टप्’ असा आवाज यायला हवा. खालच्या जॉइंटलाही हेच, फक्त करंगळ्यांच्या चाव्या दाबून. हवा टिकत नसेल तर पॅडखाली सिगारेटच्या कागदाची पट्टी ठेवून हळूच ओढा. जिथे ती सहज सरकते तिथे गळती. शेवटी खालचा ई अगदी हळू वाजवा आणि तीच बोटं ठेवून रजिस्टर चावी (डाव्या अंगठ्याची) दाबा. वरचा बी आढेवेढे न घेता निघाला तर वाद्याची तब्येत बरी.

हिशेब करताना वाद्याच्या किमतीत सगळी पॅडं, टेननचं बूच आणि चांगला माउथपीस धरा. वाद्याच्या जुन्या पेटीतला माउथपीस टोकाला चिरलेला असेल तर तो फुकट मिळाला तरी उपयोगाचा नाही. सगळी बेरीज त्याच मॉडेलच्या नव्या किमतीच्या साठ टक्क्यांवर गेली की जुन्यात अर्थ उरत नाही. परदेशातून मागवत असाल तर भाडं आणि कस्टम त्यात मिळवा. ग्रेनाडिलासाठी २०१७ पासून लागणाऱ्या साइट्स (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यातून तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे, त्याआधीचे सल्ले वाचून घाबरू नका.

घरी आणल्यावर सगळ्यात मोठा शत्रू आपला कूलर. त्याच्या झोतात, ओलसर खोलीत तासभर वाजवून वाद्य तसंच बाहेरच्या कोरड्या हवेत काढलं की लाकूड आतून फुगलेलं आणि बाहेरून आखडलेलं राहतं. वाजवून झालं की नळी कापडाने पुसा, पेटीत ठेवा आणि पेटीत ओलावा ४० ते ६० टक्के राहील असं बघा. छोटा हायग्रोमीटर पुरतो. वाद्य बरेच महिने पडून असेल तर पहिले दोन-तीन आठवडे रोज वीस मिनिटंच. डिसेंबरच्या सकाळी गार वाद्य लगेच फुंकू नका, आधी हातात आणि काखेत धरून कोमट करा. आणि जुलैत टेनन फुगून जॉइंट घट्ट झाला की पॉलिश पेपर उचलू नका. तेव्हा घासलेलं टेनन मे महिन्यात डुगडुगतं, आणि घासलेलं लाकूड परत भरता येत नाही.