नवख्या मुलींची तुकडी: आठची बोट की चारची, एर्ग (जमिनीवरचं वल्हवण्याचं यंत्र) आधी की पाणी?

कॉलेजच्या बोट क्लबमध्ये रोइंग, म्हणजे बोट वल्हवण्याचा खेळ, शिकायला आलेल्या नव्या मुलींची जबाबदारी तुमच्याकडे आली असेल, तर पहिल्या महिन्यातच चार-पाच निर्णय घ्यावे लागतात आणि प्रत्येकावर क्लबात दोन तट असतात. दोन्ही बाजू इथे मांडते. माझा निकष मात्र एकच आहे: एक मुलगी ऐनवेळी आली नाही, तर बाकीच्यांची सकाळ फुकट जाते का? सोडून जाणाऱ्या मुली 'पहाटे उठवत नाही' असं सांगतात. बहुतेकींच्या बाबतीत खरं दुखणं वेगळं असतं. उठून, आवरून गेल्यावर बोट निघतच नाही, आणि असं दोन-तीनदा झालं की चौथ्या वेळी कोण कशाला उठेल?

सगळ्यांना घ्यायचं की निवडून?

निवडून घेणाऱ्यांचं म्हणणं असं की उंच, खेळाडू वृत्तीच्या मुली हेरा आणि त्यांच्यावरच मेहनत घ्या. कोच एक आणि बोटी दोन असतील तर यात तथ्य आहे. पण नवखेपणी कोण पुढे जाईल हे ओळखणं फार अवघड. कॅथरीन ग्रेंजर एडिनबरा विद्यापीठात शिकायला गेल्यावर रोइंगकडे वळली आणि पुढे सलग पाच ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळवली. हेलन ग्लोव्हरला तर ब्रिटनच्या खेळाडू हेरण्याच्या एका मोहिमेत 180 सेंमी उंचीची अट आडवी येत होती. मोजताना ती टाचा उंचावून उभी राहिली. 2012 आणि 2016 ची दोन सुवर्णपदकं त्या टाचांवर उभी आहेत.

म्हणून दार सगळ्यांना उघडं ठेवा, मात्र जेवढ्यांना आठवड्यातून दोनदा पाण्यावर नेता येईल तेवढ्याच जणींना घ्या. चाळीस जणींना पंधरवड्यातून एकदा बोटीत बसवण्यापेक्षा वीस जणींना नेमाने बसवलेलं बरं. बाकीच्यांना प्रतीक्षा यादीत आहात असं स्पष्ट सांगा.

एक सवय मात्र मोडा: बुटकी मुलगी दिसली की 'तू कॉक्स हो' म्हणण्याची. कॉक्स म्हणजे स्वतः न वल्हवता बोटीला दिशा आणि वल्हवणाऱ्यांना हुकूम देणारी. आंतरराष्ट्रीय शर्यतींत कॉक्सचं किमान वजन 55 किलो असतं. त्याहून हलकी असेल तर तिला वजन सोबत घेऊन बसावं लागतं. तेव्हा अगदी किरकोळ मुलगी शोधून तिथेही काही हाती लागत नाही. आवाज कोणाचा खणखणीत आहे आणि गडबडीत डोकं कोणाचं शांत राहतं, ते बघा.

आठ की चार?

खरा वाद इथे आहे. आठच्या बोटीत एकच कोच एकदम आठ जणींना शिकवतो. ती लांब आणि जड असते, नियमाप्रमाणे किमान 96 किलो, त्यामुळे चारच्या बोटीइतकी डगमगत नाही. सुरुवातीला चौघी वल्ह्यांची पाती पाण्यावर आडवी टेकवून बोट सावरतात आणि उरलेल्या चौघी वल्हवतात. वल्हं पाण्यात अडकून दांडा पोटात बसला तरी बोट उलटत नाही, हे कळलं की भीती निम्मी होते.

पण आठ आणि कॉक्स मिळून नऊ जणी लागतात. प्रत्येक जण दहापैकी नऊ वेळा येते असं धरा, म्हणजे चांगलाच नेम झाला. तरी नऊच्या नऊ हजर असण्याची शक्यता भरते फक्त 39 टक्के. चारच्या बोटीला कॉक्स धरून पाच जणी लागतात, तिथे ती 59 टक्के होते. आता त्याच आठच्या बोटीसाठी अकरा जणींची तुकडी करा: अकरापैकी किमान नऊ जणी येण्याची शक्यता 91 टक्के! अट एवढीच की कॉक्सची जागा आणखी एक-दोघींना सांभाळता आली पाहिजे.

हा उपाय फुकटचा नाही. सगळ्या आल्या तर दोघी काठावर उरतात, आणि काठावर उरलेली मुलगी सगळ्यात आधी सोडते. पाळी लावून बदला, आणि उरलेल्या दोघींना कोचच्या लाँचमध्ये, म्हणजे सोबत चालणाऱ्या मोटरबोटीत, बसवा. वरून बघताना चूक पटकन कळते.

एकेकट्या बोटीत, दोन्ही हातांत वल्ही घेऊन शिकवणं हा तिसरा मार्ग. यात कोणाची वाट बघावी लागत नाही आणि तोल उत्तम शिकता येतो. पण प्रत्येकीला बोट हवी, पाणी शांत आणि कोमट हवं, आणि मैत्रिणींसोबत बसायची मजा जाते. बहुतेक मुली त्या मजेसाठीच आलेल्या असतात.

एर्ग आधी की पाणी?

एर्गवर पाय, पाठ, हात हा क्रम समजावता येतो, तेवढ्यापुरता तो हवाच. त्यापुढे पहिल्या महिन्यात 2000 मीटरची चाचणी घेऊन आकडे भिंतीवर लावणं म्हणजे मुली घालवण्याचा हमखास मार्ग. वजनाची चर्चाही तशीच. नाव नोंदवण्याच्या फॉर्मवर तो रकाना नको.

मुलांची जुनी बोट, की जुळवलेली?

याकडे कोणी लक्ष देत नाही. नव्या मुलींना बहुधा मुलांची जुनी बोट मिळते. ती जड क्रूसाठी बांधलेली असेल तर हलक्या क्रूखाली पाण्याबाहेर जास्त राहते. मग दांडा छातीच्या वर येतो, पातं पाण्यात नीट शिरत नाही, आणि मुलीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. गेटच्या, म्हणजे वल्हं ज्यात अडकवतात त्या खाचेच्या, खांबावर प्लास्टिकच्या छोट्या चकत्या असतात. खालच्या एक-दोन काढून वर बसवल्या की गेट खाली येतं, काम दोन मिनिटांचं. बोटीत पक्क्या बसवलेल्या बुटांचंही तेच: मोठ्या बुटात टाच घसरते आणि ढकलायला आधार उरत नाही.

कपडे बदलायची जागा आणि स्वच्छतागृह ही त्याच यादीत पुढची. 1976 मध्ये येल विद्यापीठाच्या महिला क्रूला बोट हाउसवर शॉवर नव्हते, ओल्या अंगाने बसमध्ये बसून मुलांची वाट बघावी लागे. शेवटी 19 जणींनी क्रीडा विभागाच्या कार्यालयात जाऊन कपडे उतरवून निषेध केला. तुमच्या क्लबात निदान दाराला कडी आहे का, ते नावं नोंदवण्याआधी बघून या.

मग काय निवडावं?

बोट एकच आणि ती आठची असेल, तर अकरा जणींची तुकडी करा. चारच्या दोन असतील तर बारा जणी घ्या आणि दोन्ही बोटींत अदलाबदल चालू ठेवा, म्हणजे 'अ' क्रू आणि 'ब' क्रू असा भेद लवकर पडत नाही. पहिली शर्यत सहा-आठ आठवड्यांत, इतर नवख्यांशीच, छोट्या अंतराची ठेवा. आणि कोण कुठल्या सीटवर बसणार ही यादी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना गेलीच पाहिजे. येणार नसेल तिने रात्री नऊपर्यंत कळवायचं, आणि तिच्या जागी कोण बसणार ते तुम्ही झोपण्याआधी ठरवायचं.