जुनी सेमी-ऑटो पॉइंट टू-टू, कोकणची हवा आणि खोबरेल : नऊ महिने वापरल्यानंतर

थोरल्या काकांची रायफल माझ्या नावावर होऊन वर्ष होत आलं, पण नेमबाजीच्या रेंजवर खरी वापरतोय ती डिसेंबरपासून. मधे विधानसभेची आचारसंहिता लागली आणि इतरांसारखी मीपण ठाण्यात जमा केली, स्पर्धेत खेळणाऱ्यांना अर्ज केला की सूट मिळू शकते हे मला नंतर कळलं. परत मिळाली तेव्हा नळीवर बोटांच्या ठशांच्या आकाराचा तांबूस गंज होता. ती पुसण्यापासून सुरुवात.

रायफल परदेशी, काकांनी साठच्या दशकात घेतलेली, सेमी-ऑटो म्हणजे एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप भरणारी, दहा राउंडचं मॅगझिन म्हणजे काडतुसांची सुटी पेटी, दस्ता अक्रोडाचा. कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष तिचा नाहीच, पुढे कळेल. रत्नागिरीहून कोल्हापूरला महिन्यातून दोनदा जातो, पहाटे चारला निघायचं, साखरप्याला चहा, आंबा घाट चढला की मलकापूर, आठच्या आत रेंजवर.

पहिल्याच दिवशी पहिल्या दहात सहा वेळा अडकली. पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, बाहेर उडायच्या ऐवजी बोल्टच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या खिळीच्या, तोंडात चिमटल्यासारखी उभी राहायची, घराच्या धुराड्यासारखी, रेंजवर तिला स्टोव्हपाइपच म्हणतात. कधी पुंगळी जायची पण मागचं काडतूस वर यायचंच नाही, बोल्ट रिकाम्या चेंबरवर, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घरावर, बंद. आणि गंमत म्हणजे अकरा वाजेपर्यंत हीच रायफल शहाण्यासारखी चालायला लागायची. मला वाटायचं गरम झाली की सुटते, इंजिनासारखी. चार खेपा मी याच समजुतीत घालवल्या.

सगळ्यांनी आधी काडतुसाला नावं ठेवली. त्यात तथ्य आहे थोडं. पॉइंट टू-टू सेमी-ऑटोमध्ये बोल्टला कुलूप नसतं, बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावर सगळं, गोळी पुढे जाताना पुंगळी मागे ढकलते आणि तीच बोल्टला मागे नेते. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर, तिची ताकद ती किती. मी स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसं वापरत होतो, सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, त्याऐवजी हाय व्हेलॉसिटी आणली, ३७० च्या पुढची. दहात सहाचं दहात दोनवर आलं. खूश झालो, पण हे म्हणजे गाडी चढावर दम टाकते म्हणून नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबण्यातला प्रकार. दोष होता तिथेच होता, वर पार्टांना मार जास्त.

मग दुसरा संशय, एक्स्ट्रॅक्टर. इथे एक गोष्ट नीट सांगतो कारण मला स्वतःला ती चार महिने कळली नव्हती. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे पुंगळीच्या कडेला धरणारी आकडी, आणि एजेक्टर म्हणजे मागे आलेल्या पुंगळीला ठोकर देऊन बाहेर उडवणारा दांडा. पुंगळी चेंबरमध्येच राहिली तर आकडी किंवा चेंबर बघायचं, आणि चेंबरमधून निघाली पण बाहेर पडली नाही तर बोल्ट पुरता मागे येतोय का, आकडी शेवटपर्यंत धरून ठेवते का, हे बघायचं. माझा प्रकार दुसरा होता आणि मी दोन रविवार चेंबर घासत बसलो. अर्थात वाया गेलं नाही, चेंबरच्या पुढच्या टोकाला मेण, शिसं आणि काजळी यांचं कडं जमलं होतं, पॉइंट टू-टूच्या गोळीला वरून मेणच असतं, त्यामुळे हे होणारच.

कोल्हापूरच्या लायसन्सवाल्या बंदूक-मिस्त्रींनी आकडीची स्प्रिंग बदलून दिली आणि चेंबरच्या कडेवरचा एक बारीक ओरखडा काढला. हा ओरखडा म्हणे रिकाम्या रायफलचा चाप ओढत बसल्याने होतो, पॉइंट टू-टूसारख्या रिमफायरमध्ये पिन पुंगळीच्या कडेवर मारते, पुंगळीच नसेल तर ती चेंबरच्या काठावर आपटते. लहानपणी आम्ही चुलत भावंडांनी दिवाळीत हाच खेळ केला होता, काका बघून न बघितल्यासारखं करायचे. फी वाजवी होती, काम चोख, तरीपण पुढच्या खेपेला सकाळी आठला पुन्हा धुराडं.

त्या दिवशी रेंजवरच्या सरांनी बोल्ट हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "काय लावलंयस रे ह्याला? अभ्यंगस्नानाला काढलीस का काय रायफल?"

खोबरेल. काका आयुष्यभर रायफलला खोबरेल लावत आले, घरचं, घाण्यावरचं. मीपण खाऱ्या हवेच्या धास्तीने तेच, आणि काकांपेक्षा दुप्पट. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली गोठायला लागतं, हे काय आम्हाला शिकवायला पाहिजे? थंडीत न्हाणीघरातली बाटली पहाटे पांढरी होते आणि दहाला पातळ, रोज बघतो. पण बोल्टच्या आत, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत तेच होत असेल हे डोक्यात आलं नाही. घाट चढून कोल्हापूरला जानेवारीच्या सकाळी गेलो की बोल्टला मलमासारखा थर, तो पुरता मागे जायचाच नाही, ऊन वर आलं की तेल पातळ. इंजिन गरम होण्याचा काही संबंध नव्हता. आणि जुनं खोबरेल तर वाळून पिवळट डिंक झालेला, त्यात न जळलेली दारू चिकटलेली. आकडीच्या खालच्या खोबणीतून मी टूथपिकने जे काढलं ते बघून काकी म्हणाल्या, हे तर शेगडीवरचं किटण.

साफसफाईचं सांगतो. मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे घेऊन चेंबरमध्ये बोट घालून बघायचं, नजरेवर विसंबायचं नाही. बोल्ट बाहेर काढून रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश, दस्त्याच्या पॉलिशला थेंबही लागू द्यायचा नाही. एनसीसीतला पुलथ्रू, म्हणजे नळीतून ओढायची दोरी, आणि चिंदी अजून उपयोगी पडतात, नळी मागून पुढे ओढून पुसायची, तोंडाकडून सळई घालून काठ खराब करायचा नाही. चेंबरला पितळी ब्रश, पाच-सात फेरे बास. मग बंदुकीचं पातळ तेल, बोल्टला दोन थेंब आणि फडक्याने जवळजवळ पुसूनच काढायचं. बाहेरच्या लोखंडाला हवं तेवढं लावा, आतला भाग मात्र कोरडाच बरा. हे मला पटायला वेळ लागला कारण कोकणात तेल कमी लावा म्हणणं म्हणजे आमटीला मीठ नको म्हणण्यासारखं आहे.

त्यानंतर स्टँडर्ड व्हेलॉसिटीवर परत आलो. पहिल्या शंभरात चार अडकले आणि चारही एकाच मॅगझिनमधून. माझ्याकडे मॅगझिन दोन आहेत, दोन्हीवर रंगाने एक आणि दोन लिहिलंय, दोन नंबरच्या तोंडाचा पत्रा एका बाजूने किंचित उघडलाय, काडतूस नाक खाली घालून वर येतं. पक्कड लावायचा मोह झाला होता, लावली नाही, मिस्त्रींकडे दिलंय. तोवर एकच वापरतो.

चाप ओढला आणि आवाज नाही आला तर लगेच बोल्ट ओढू नका. तोंड टार्गेटकडे ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. माझं एकदाही तसं झालं नाही पण शेजारच्या लेनवर झालंय.

पावसाळ्याचं वेगळं प्रकरण. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा ओलसर. काकांची चामड्याची पिशवी आगोटीच्या कामांतच माळ्यावर टाकली, चामडं ओल धरतं आणि रायफल आतून गंजते. आता कुलपाच्या लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर गरम करून पुन्हा ठेवतो. काडतुसं वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, वेगळ्या कपाटात. जुलैत दोनदा घाट बंद होता म्हणून गेलो नाही, दर आठवड्याला नुसतं काढून पुसलं. ऑगस्टमध्ये उघडली तेव्हा गंजाचा ठिपका नव्हता.

नऊ महिन्यांत साधारण साडेसातशे राउंड झाले. शेवटच्या तीनशेत, एक नंबरच्या मॅगझिनवर, पाच अडकले, त्यातले दोन एकाच दिवशी, आणि त्या दिवशी मी साफ न करता दीडशे मारले होते. आता दर ऐंशीला चेंबर पुसतो, दोन मिनिटं जातात. पुंगळ्या सगळ्या उजवीकडे, हातभर अंतरावर एका ढिगात पडतात, पूर्वी काही पायाशी, काही डोक्यावरून जायच्या. एजेक्टरची पिन थोडी हलते असं वाटतंय, नवरात्रानंतर जाईन तेव्हा मिस्त्रींना दाखवतो, मॅगझिनपण तेव्हाच आणायचं आहे.